खोडद: न दिसणाऱ्याचं वजन करणारं गाव

कॅम्प २ च्या नेहरू चौकात भर दुपारी किती गलका असतो, ते उल्हासनगरकरांना सांगायला नको. कानाला न कळणारा आणखी एक गलका तिथे असतो. मोबाइलचे टॉवर, दुकानांतलं वायफाय, वेल्डिंग, रिक्षाच्या प्लगमधली ठिणगी, सगळंच रेडिओ लहरी फेकत असतं. अंतराळातल्या हायड्रोजनची २१ सेंटिमीटर लांबीची लहरही याच चौकावर पडते, पण या गदारोळात तिचा पत्ता लागत नाही. तिचा माग काढायचा तर कल्याणहून मुरबाड, माळशेज घाट, आळेफाटा करत नारायणगावला आणि तिथून आत खोडदला जावं लागतं. जुन्नर तालुक्यातल्या या गावी टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, उभी आहे. विश्वातलं कृष्णद्रव्य, म्हणजे दिसत नाही पण ज्याची ओढ जाणवते ते द्रव्य, शोधायचं म्हणजे खोल खाणीत उपकरणं पुरायची, अशी आपली समजूत असते. तो एक मार्ग झाला. पण कृष्णद्रव्य आहे असं मुळात मानायचं का, या प्रश्नावरचा पुरावा खोडदसारख्या उघड्या माळावरही गोळा होतो, आणि म्हणून अशा माळाची शांतता जपणं हा संशोधनाचाच भाग आहे.

दुर्बीण म्हटल्यावर डोळ्यांसमोर नळी येते. इथे ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत. १४ एका चौरस किलोमीटरच्या आसपास दाटीने, बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या, बऱ्याचशा शेतांच्या मधोमध. जवळ गेल्यावर थाळीतून आरपार आभाळ दिसतं, कारण ती पत्र्याची नाही. जेमतेम अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी पोलादी दोरांवर ताणून बसवली आहे. जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची, म्हणून २१ सेंटिमीटरच्या लहरीला ती सलग भिंतच वाटते. वारा मात्र निघून जातो. वारा अडत नाही म्हणून सांगाडा हलका, आणि सांगाडा हलका म्हणून खर्च आवाक्यात. ही दुर्बीण उभारणारे गोविंद स्वरूप यांची ही कल्पना भारतीय विज्ञानातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक आहे, असं मला वाटतं.

आता पुराव्याकडे. सूर्याजवळचा बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर धावतो, दूरचा नेपच्यून जेमतेम साडेपाच. अंतर वाढलं की ओढ कमी होते, वेगही उतरतो. दीर्घिकेतही कडेचे तारे आणि वायू मंदावायला हवेत. तसं होत नाही, हे व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० च्या दशकात दाखवलं. पण दीर्घिकेच्या कडेकडे जाताना तारे लवकर संपतात. त्यांच्या पलीकडे हायड्रोजनच उरतो आणि त्याचा वेग रेडिओ लहरींतूनच कळतो. इथे खोडदचं काम येतं. आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि रशियन खगोलशास्त्रज्ञ कराचेन्त्सेव यांनी एनजीसी ३७४१ या बुटक्या दीर्घिकेतला वायू मोजला. तारे दिसतात त्याच्या आठपटीहून लांबपर्यंत तो पसरलेला निघाला. त्याच्या फिरण्यावरून दीर्घिकेचं जे वस्तुमान निघालं, ते सूर्याच्या मापात तिच्या प्रकाशाच्या शंभरपटीहून जास्त होतं. वायूचं वजनही याच लहरींतून कळतं; ते मिळवूनही हिशेब जुळत नाही, म्हणून उरलेलं वजन न दिसणाऱ्या द्रव्याचं मानावं लागतं.

यावर पहिला आक्षेप असा की हे द्रव्य म्हणजे न्यूट्रिनो नावाचे अतिशय हलके कण का नसावेत? ही शंका पोकळ नाही. टाटा संस्थेतच घडलेले रामनाथ कौशिक यांनी मॅक्लेलंड यांच्यासह १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूट्रिनोंच्या गुरुत्वाकर्षणाचा हाच विचार मांडला होता. पण न्यूट्रिनोचं वस्तुमान आज इलेक्ट्रॉनच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी असल्याचं मोजमापांतून दिसतं. इतके हलके आणि वेगवान कण एवढ्याशा दीर्घिकेच्या ओढीत टिकणार नाहीत. दुसरा आक्षेप जास्त जड आहे. द्रव्य नसेलच, गुरुत्वाकर्षणाचा नियमच अपुरा असेल, असं भौतिकशास्त्रज्ञ मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये म्हटलं. एकट्या दीर्घिकेच्या फिरण्यापुरतं हे गणित चांगलं जुळतं आणि ते प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. दीर्घिकांच्या समूहांत मात्र ते कमी पडतं. बुलेट नावाच्या दीर्घिका-समूहात तर ओढीचा मध्य आणि तप्त वायूचा ढीग वेगवेगळ्या जागी सापडले. द्रव्याची बाजू म्हणून बळकट ठरते, जरी त्याचा कण अजून कोणाच्याही हाती लागलेला नसला तरी.

तिसरा आक्षेप शास्त्राचा नाही, जुन्नरच्या माणसांचा आहे. दुर्बिणीमुळे परिसरात उद्योगांवर बंधनं आहेत; पुणे–नाशिक रेल्वेच्या आखणीलाही तिच्यासाठी हरकत घेतली गेली. आमच्या पोरांच्या नोकऱ्या आभाळासाठी का थांबवायच्या, हा प्रश्न रास्त आहे. पण शेतीचं आणि दुर्बिणीचं भांडण नाही. टोमॅटो आणि द्राक्षं या थाळ्यांच्या सावलीतच पिकतात. रेल्वेचा मार्ग खर्च करून वळवता येतो. उलट सह्याद्रीच्या डोंगरांनी शहरांचा गोंगाट अडवलेली, पुण्यापासून ८० किलोमीटरवरची अशी जागा दुसरीकडे नेता येत नाही. तेव्हा वळवण्याचा खर्च एकट्या तालुक्याच्या माथी न मारता सरकारने उचलावा. दर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खोडदचं फाटक सर्वांना उघडं असतं आणि गावोगावच्या शाळांच्या गाड्या तिथे लागतात. आत शिरताना मोबाइल बंद करायचा असतो.