खेळ विंडोजचा, खेळाडू लिनक्सचा

नोव्हेंबर २००६ मधली गोष्ट. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा महाजालावरील खेळ तेव्हा ऐन भरात होता. जगभरातील सत्तर लाखांहून अधिक लोक वर्गणी भरून तो खेळत. एके दिवशी त्यांपैकी काही खेळाडूंची खाती अचानक बंद झाली. आरोप गंभीर होता : हे लोक बाहेरचे प्रोग्रॅम वापरून लबाडी करतात. वस्तुस्थिती निराळीच होती. या मंडळींच्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स होते आणि विंडोजसाठी लिहिलेला हा खेळ ते 'सीडेगा' नावाच्या एका दुभाष्या प्रोग्रॅमच्या साह्याने चालवत होते. लबाडांना हुडकण्यासाठी 'ब्लिझार्ड' कंपनीने बसवलेल्या 'वॉर्डन' या पहारेकऱ्याला हा दुभाष्याच संशयास्पद वाटला. ओरड झाली, कंपनीने चौकशी केली आणि खाती पुन्हा सुरू झाली.

हा प्रसंग जुना असला, तरी त्यातील प्रश्न आज अधिकच टोकदार झाला आहे. ज्या ऑपरेटिंग सिस्टिम फार थोडे लोक वापरतात, त्यांच्यासाठी ऑनलाइन खेळ उपलब्ध करून देणे हे खेळ बनवणाऱ्या कंपनीचे काम आहे काय? (ऑनलाइन खेळ म्हटले की आपल्याकडे पैसे लावून खेळायचे रमी-पोकर डोळ्यांसमोर येतात. त्यांच्यावर २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली. त्यांचा येथे संबंध नाही.)

मुळात एखादा खेळ एका संगणकावर चालतो आणि दुसऱ्यावर चालत नाही, असे का होते? खेळ हा प्रोग्रॅम पडद्यावर चित्र काढणे, आवाज देणे, माऊसची हालचाल टिपणे ही कामे स्वतः करत नाही. ती तो ऑपरेटिंग सिस्टिमकडून करवून घेतो. विंडोजवर चित्रांची कामे सांगण्याची एक ठरलेली भाषा आहे, तिचे नाव डायरेक्टएक्स. लिनक्सला ती कळत नाही. तेव्हा मार्ग दोनच उरतात. एक तर खेळाचे लिनक्ससाठी वेगळे रूप तयार करायचे, नाहीतर मध्ये दुभाष्या बसवायचा.

पहिल्या मार्गाचा इतिहास फारसा उत्साहवर्धक नाही. इतरांचे गाजलेले खेळ लिनक्सवर आणण्यासाठी १९९८ मध्ये अमेरिकेत 'लोकी' ही कंपनी निघाली. २००२च्या आरंभी ती बंद पडली. आइसलँडच्या 'सीसीपी' कंपनीने आपल्या 'ईव्ह ऑनलाइन' या अंतराळातील खेळाचे लिनक्स-रूप नोव्हेंबर २००७ मध्ये दिले आणि मार्च २००९ मध्ये काढून घेतले. ते वापरणारे मोजकेच होते आणि लिनक्सवरचे अनेक जण या अधिकृत रूपाला बगल देऊन दुभाष्यामार्फत विंडोजचेच रूप खेळत होते! 'रॉकेट लीग'च्या निर्मात्यांनी मार्च २०२० मध्ये मॅक आणि लिनक्स दोन्ही सोडले. या दोन्हींवरचे खेळाडू मिळून एकूण सक्रिय खेळाडूंच्या ०.३ टक्क्यांहूनही कमी आहेत, असे त्यांनी जाहीर केले. पैसे भरून खेळ घेतलेल्यांना परतावा देऊ केला, हे मात्र त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

कंपन्यांची अडचण खरी आहे. घरी एकट्याने खेळायचा खेळ एकदा विकला की बहुतांशी काम संपते. ऑनलाइन खेळाचे तसे नाही. तो दर काही आठवड्यांनी बदलतो, आणि सर्व्हरला जोडलेल्या प्रत्येकाकडे त्याच क्षणी तीच आवृत्ती असावी लागते. म्हणजे प्रत्येक बदल प्रत्येक प्रणालीवर एकाच वेळी तपासून घ्यायचा. हजारात तीन खेळाडूंसाठी ही तपासणी वर्षानुवर्षे करत राहणे कोणत्याही हिशेबनिसाला पटणार नाही.

याउलट एक हिशेब आहे आणि तो मला फार बोलका वाटतो. 'डेल्टा-व्ही : रिंग्ज ऑफ सॅटर्न' या लहानशा खेळाच्या निर्मात्याने २०२१ मध्ये आपले आकडे उघड केले. विकल्या गेलेल्या सुमारे बारा हजार प्रतींपैकी लिनक्सवाल्यांच्या सातशे, म्हणजे सहा टक्क्यांहूनही कमी. पण आलेल्या १,०४० तक्रारींपैकी जवळजवळ चारशे त्यांच्या. वरवर पाहता ही डोकेदुखीच. परंतु त्या चारशेंपैकी केवळ तीन तक्रारी लिनक्सपुरत्या होत्या. बाकीचे सारे दोष विंडोजवरही होते. फक्त तेथील ग्राहकांनी ते नेमकेपणाने लिहून कळवले नव्हते. थोडक्यात, या सातशे गिऱ्हाइकांनी तपासनिसांचे काम फुकटात केले होते. अर्थात हा खेळ ऑनलाइन नव्हे, त्यामुळे त्याचा दाखला एका मर्यादेपर्यंतच ताणता येईल.

दुसरा मार्ग दुभाष्याचा. १९९३ मध्ये सुरू झालेला 'वाईन' हा मुक्त प्रकल्प विंडोजच्या मागण्या लिनक्सला समजतील अशा करून देतो. त्याच पायावर 'व्हॉल्व्ह' कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये 'प्रोटॉन' आणले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये 'स्टीम डेक' हे हातात धरून खेळण्याचे, आतून लिनक्सवर चालणारे यंत्र बाजारात उतरवले. त्यामागे परोपकार नव्हता. या कंपनीचे 'स्टीम' हे खेळांचे दुकान विंडोजवर अवलंबून आहे, आणि मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ मध्ये स्वतःचे दुकान थाटल्याने व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल अस्वस्थ झाले होते. हेतू काहीही असो, परिणाम असा झाला की विंडोजसाठी लिहिलेले हजारो खेळ निर्मात्याने बोटही न हलवता लिनक्सवर चालू लागले.

येथे वाद संपायला हवा होता. तो संपला नाही, कारण पहारेकरी मध्ये आला.

ऑनलाइन खेळात लबाडी ही फार जुनी व्याधी आहे. भिंतीपलीकडचा शत्रू दिसणे, नेम आपोआप लागणे, असली सोय करून देणारे प्रोग्रॅम पैसे टाकून मिळतात. त्यांना पकडण्यासाठी पहारेकरी प्रोग्रॅम असतो. सामान्य प्रोग्रॅमना संगणकात मर्यादित अधिकार असतात. सर्वाधिकार असतात ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला. लबाड प्रोग्रॅम गाभ्यात शिरू लागले, तसे पहारेकरीही त्यांच्या मागोमाग गाभ्यात शिरले. 'रायट' कंपनीचा 'व्हॅनगार्ड' हा असाच पहारेकरी. मे २०२४ मध्ये तो 'लीग ऑफ लेजंड्स'ला जोडला गेला आणि लिनक्सवरून खेळणाऱ्यांना दार बंद झाले. ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी 'एपेक्स लेजंड्स'नेही तेच केले. तोवर हा खेळ स्टीम डेकवर व्यवस्थित चालत होता.

कंपन्यांचे म्हणणे असे : लिनक्सचा गाभा कोणालाही बदलून पुन्हा बांधता येतो, मग ज्या जमिनीवर उभे राहायचे तीच लबाडाने बनवलेली असेल, तर पहारेकऱ्याने विश्वास कशावर ठेवायचा? युक्तिवाद पोकळ नाही. पण तो पुराही पडत नाही. विंडोजवर गाभ्यात पहारा बसूनही लबाडी थांबलेली नाही; दुसऱ्या संगणकाला जोडलेले कार्ड खोचून खेळाची स्मृती परस्पर वाचणारे महाभाग आहेतच. शिवाय 'ईझी अँटी-चीट' आणि 'बॅटलआय' या दोन प्रमुख पहारेकऱ्यांनी २०२१ मध्येच प्रोटॉनशी जुळवून घेतले. ती सोय वापरायची की नाही, हे प्रत्येक खेळाचा निर्माता ठरवतो. गंमत म्हणजे 'ईझी अँटी-चीट' ज्यांच्या मालकीचे, त्या 'एपिक'ने स्वतःच्या 'फोर्टनाइट'साठी लिनक्सचे दार उघडलेले नाही.

उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. व्हॉल्व्हचा 'काउंटर-स्ट्राइक २' लिनक्सवर चालतो आणि त्याचा पहारेकरी गाभ्यात शिरत नाही. पण त्यात लबाड फार, ही तक्रार खेळाडू सतत करत आले आहेत.

माझे मत सांगायचे तर, प्रत्येक प्रणालीसाठी वेगळे रूप बनवा असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. छोट्या कंपनीला तो भार झेपणारही नाही. परंतु दुभाष्यामार्फत, कंपनीला तोशीस न लावता जो प्रामाणिकपणे खेळतो आहे, त्याला वर्षा-दोन वर्षांनी बाहेर काढणे ही वेगळी गोष्ट आहे. एव्हाना त्याने खेळातील पोशाख-शस्त्रांवर पैसे खर्चलेले असतात. त्याला काढायचेच असेल, तर 'रॉकेट लीग'प्रमाणे परतावा द्यावा. आणि पहारा जमेल तितका कंपनीच्या सर्व्हरवर, खेळाडूच्या वागणुकीवर ठेवावा. गाभ्यातील चूक किती महाग पडते, हे १९ जुलै २०२४ रोजी दिसले. 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष बदलाने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले आणि विमानतळांवर रांगा लागल्या. तो खेळाचा पहारेकरी नव्हता, पण बसलेला होता गाभ्यातच.

हा प्रश्न मूठभर हौशी लोकांचा राहिलेला नाही, याचे आणखी एक कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चे नियमित सुरक्षा-पाठबळ संपले. आपल्या घराघरांतील सात-आठ वर्षांपूर्वीच्या अनेक संगणकांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. यंत्र धडधाकट असताना ते भंगारात देण्यापेक्षा त्यावर लिनक्स घालण्याचा विचार अनेक जण करतात. कचेरीचे काम, चित्रपट, पत्रव्यवहार सारे निभावते. अडते ते मुलांच्या एखाद्या ऑनलाइन खेळापाशी.

अशा वाचकांनी खेळ निवडण्यापूर्वी एक गोष्ट जरूर पाहावी. खेळाचा पहारेकरी गाभ्यात शिरणार असेल, तर विक्रीच्या पानावर तसे स्पष्ट लिहिण्याची सक्ती स्टीमने ऑक्टोबर २०२४ पासून केली आहे. ती ओळ पानाच्या कडेला, किमतीच्या बरीच खाली असते.