मिटणारे आरसे आणि न मिटणारे गैरसमज

रिमोटचं बटण दाबलं की दारं लॉक होतात आणि दोन्ही बाजूंचे आरसे अंग चोरून आत वळतात. मोटरवर मिटणारे आरसे १९८४ मध्ये जपानमध्ये निसान लॉरेल या गाडीत आले. आपल्याकडे आजही ही सोय बहुतेक वेळा वरच्या व्हेरिएंटला मिळते, म्हणून खालचं व्हेरिएंट घेतलेला मालक कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत चौकशीला जातो. ‘होऊन जाईल’ हे उत्तर तिथे हमखास मिळतं. काम होतंही. पण नेमकं काय होणार आहे, याबद्दल बरेच गोंधळ आहेत.

गैरसमज १: आरसे इलेक्ट्रिक आहेत, मग एक किट जोडलं की ते मिटायला लागतील.

वस्तुस्थिती: इथे तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली खपतात. पहिली, काच वर-खाली, डावी-उजवी करणं. त्यासाठी काचेच्या मागे दोन छोट्या मोटरी असतात. दुसरी, अख्खा आरसा मिटवणं. त्याची मोटर आणि गिअर वेगळे, आरशाच्या बुडाशी. तिसरी, दार लॉक होताच मिटण्याचा हुकूम आपोआप सुटणं. हे काम एखाद्या इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलचं.

बाजारात ‘ऑटो फोल्ड किट’ म्हणून मिळणारी छोटी डबी बहुतेक वेळा फक्त ही तिसरी गोष्ट करते. ज्या गाडीचे आरसे आधीच बटणावर मिटतात, त्यांनाच ती लॉकशी जोडून देते. हाताने मिटणाऱ्या आरशात मोटरच नसते, मग डबी हलवणार कशाला? काच बटणाने हलते म्हणून आरसाही मिटेल, असं समजून घेतलेलं किट कपाटातच राहतं.

गैरसमज २: त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटचे आरसे आणले की काम झालं.

वस्तुस्थिती: वाट बरोबर आहे, पण अर्धीच. त्याच मॉडेलचा, त्याच पिढीचा कंपनीचा आरसा घेतला तर बोल्ट, रबर आणि दाराचा त्रिकोणी कोपरा नीट बसतो. प्रश्न पुढे, वायरिंगचा आहे. काच हलवायला साधारण तीन वायरी लागतात आणि मिटवायला आणखी दोन. आरशात इंडिकेटर किंवा कॅमेरा असेल तर त्यांच्या वेगळ्या. काही गाड्यांत सगळ्या व्हेरिएंटना एकच हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा असतो, मग जादा वायरी आरशाच्या जोडणीपर्यंत, म्हणजे कपलरपर्यंत आलेल्या सापडतात. काही गाड्यांत कपलरमधली ती घरं रिकामीच असतात.

रिकामी असतील तर नवी वायर दारातून केबिनमध्ये न्यावी लागते. दार आणि गाडीचा खांब यांच्यामध्ये रबराची सुरळी असते, तिच्यातून. दार उघडताना-मिटताना दर वेळी ही वायर वाकते. म्हणून तिथे मऊ, बारीक तारांची वायर हवी आणि सुरळीच्या आत जोड अजिबात नको. जोड तिथे असेल तर काही महिन्यांनी एका बाजूचा आरसा मिटतो, दुसरा उघडाच राहतो आणि पावसात दोष कधी दिसतो, कधी नाही.

फोक्सवॅगन-स्कोडा घराण्यातल्या अनेक गाड्यांत आणखी एक पायरी असते. तिथे दारातलं कंट्रोल मॉड्यूल आरशांना हुकूम देतं. त्या मॉड्यूलमध्ये मिटवण्याचं सर्किट नसेल तर तेही बदलावं लागतं आणि मग संगणक जोडून कोडिंग करावं लागतं.

गैरसमज ३: मोटरला दोनच तर वायरी. एक उलट-सुलट करणारा स्विच लावला की भागतं.

वस्तुस्थिती: दिशा बदलण्यापुरतं हे खरं. प्लस-मायनसची अदलाबदल केली की मोटर उलटी फिरते. पण आरसा शेवटच्या टोकाला टेकला की मोटर अडते आणि करंट एकदम वाढतो. त्या क्षणी पुरवठा तोडणारं काहीतरी लागतं. काही आरशांत ते आरशातच असतं, काहींत स्विचमध्ये, काहींत गाडीच्या मॉड्यूलमध्ये. ज्या आरशात ते नाही, त्याला साधा स्विच लावून दाबून धरला तर अडलेली मोटर तापते आणि गिअरवर ताण येतो. म्हणून फिटरला विचारायचा प्रश्न असा: आरसा टोकाला गेल्यावर करंट कोण तोडतं?

पुरवठाही योग्य क्षमतेच्या फ्यूजमधूनच घ्यायला हवा. जवळच आहे म्हणून खिडकीच्या मोटरची वायर सोलून तिच्यावर टेप मारणं, हे आळसाचं काम. शिवाय कित्येक गाड्यांच्या दारात एअरबॅगचा प्रेशर सेन्सर असतो. दाराचं पॅड काढण्याआधी इग्निशन बंद करून बॅटरी सोडवलेली बरी, नाहीतर काम संपताना डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागलेला दिसतो.

गैरसमज ४: ऑटो फोल्ड मॉड्यूल कुठलंही घ्या, सगळी सारखीच.

वस्तुस्थिती: सगळ्यात धोकादायक गैरसमज हाच. स्वस्त मॉड्यूल बऱ्याचदा फक्त सेंट्रल लॉकच्या वायरीवर कान लावून असतं. लॉक करताना त्या वायरीवर क्षणभर करंट येतो, तोच त्याचा इशारा. आता गाडीचा स्वभाव आठवा. अनेक गाड्या ठरावीक वेग गाठला की दारं स्वतःच लॉक करतात. मॉड्यूलला हा लॉक आणि पार्किंगमधला लॉक यांत फरक कळला नाही, तर गाडी रस्त्यावर वेग घेत असतानाच आरसे मिटतात.

चांगलं मॉड्यूल त्यासाठी इग्निशनची वायरही वाचतं. इग्निशन चालू असेपर्यंत लॉकचा इशारा आला तरी ते गप्प बसतं. काम ताब्यात घेण्याआधी फिटरला शेजारी बसवून मोकळ्या जागेत गाडी चालवून बघा. वेगावर दारं लॉक झाली आणि आरसे जागेवरच राहिले, की मग पैसे द्या. मॉड्यूलमध्ये हे नसेल, तर ऑटोचा नाद सोडून साधं बटण ठेवलेलं चांगलं.

गैरसमज ५: रोज आरसे मिटवल्याने बॅटरी उतरते.

वस्तुस्थिती: मोटर काही सेकंदच चालते, तो खर्च नगण्य. बॅटरी खातं ते सतत जागं राहणारं मॉड्यूल. हिशेब सोपा आहे. गाडी बंद असताना एखादं मॉड्यूल ५० मिलिअँपिअर खात असेल, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी एवढ्याने सव्वापाच-साडेपाच आठवड्यांत रिकामी होईल, आणि गाडी स्टार्ट होणं त्याच्या बरंच आधी थांबेल. रोज ऑफिसला जाणाऱ्याला हे जाणवणार नाही, महिनाभर परदेशी गेलेल्याला जाणवेल. फिटिंगच्या आधी आणि नंतर गाडी लॉक करून मल्टिमीटरने करंट मोजून घ्यावा. जुन्या आणि नव्या आकड्यात मोठा फरक नको.

गैरसमज ६: इलेक्ट्रिक आरशाला हात लावला की बिघडलाच.

वस्तुस्थिती: बाजूने रिक्षा घासून गेली किंवा वॉचमनने आरसा ढकलला, तर तो वळायलाच हवा. बहुतेक मोटरवाल्या आरशांत त्यासाठी खाच आणि स्प्रिंगची व्यवस्था असते. हाताने वळवल्यावर मात्र मोटर कुठे आणि आरसा कुठे, हे जुळत नाही. मग कटकट आवाज येतो किंवा चालताना आरसा थरथरतो. अशा वेळी बटणाने आरसा एकदा पूर्ण मिटवून पुन्हा उघडायचा, की खाच बहुधा परत बसते. रोज हाताने वळवण्याची सवय मात्र नको, कारण त्याने खाच झिजते.

गैरसमज ७: आरटीओ अडवेल, वॉरंटी जाईल, विमा मिळणार नाही.

वस्तुस्थिती: तिन्हींना एकाच माळेत ओवू नये. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा रोख अशा बदलांवर आहे, ज्यांमुळे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमावर कडक भूमिका घेतली. आरशाच्या मोटरची नोंद प्रमाणपत्रात नसते. पण आरसा स्वतः मानकात बसणारा हवा. भारतात त्यासाठी एआयएस-००१ आणि एआयएस-००२ ही मानकं आहेत. काचेचा बाक चुकला तर मागची गाडी आहे त्यापेक्षा लांब भासते. म्हणून नाव-गाव नसलेला स्वस्त आरसा टाळावा.

वॉरंटीचा वाद बहुतेक वेळा कापलेल्या वायरीवरून होतो. कपलरने जोडलेलं काम मागे घेता येतं, कापलेलं येत नाही. विम्यात कंपनीने न बसवलेली इलेक्ट्रिकल साधनं वेगळी जाहीर करून त्यांचा हप्ता भरावा लागतो, तरच त्यांची भरपाई मिळते.

गैरसमज ८: मोटरवाले आरसे जास्त सुरक्षित.

वस्तुस्थिती: धक्का लागल्यावर आरसा वळणं ही सुरक्षितता, आणि ती हाताने मिटणाऱ्या आरशातही असते. मोटरने त्यात काही भर पडत नाही, ती हाताचे कष्ट वाचवते. तेही मुख्यतः डाव्या आरशाचे. आपला ड्रायव्हर उजवीकडे बसतो, उजवा आरसा खिडकीतून हात काढून मिटवता येतो, डाव्यासाठी गाडीला वळसा घालावा लागतो. पेठेतल्या बोळात किंवा सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्ये डावी बाजू भिंतीला लागत असेल, तर हा वळसा रोजचा त्रास आहे आणि खर्च वसूल होतो. मोकळ्या अंगणात गाडी लावणाऱ्याचा खर्च वसूल होणं अवघड.

तेव्हा दुकानात आधी किंमत विचारू नका. दाराचं पॅड उघडून कपलर दाखवायला सांगा. त्यात मिटवण्याच्या दोन वायरी असतील तर काम एका दुपारचं. नसतील, तर फिटर रबराच्या सुरळीतून वायर कशी नेणार आहे, ते ऐकून मग भाव ठरवा.