ट्रेलरमधील बॅटरीचा खरा हिशेब

कॅम्पिंगसाठी गाडीमागे जोडतात त्या ट्रेलरमध्ये दिवे आणि पंखा 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. बॅटरीत किती वीज उरली हे मॉनिटर सांगतो. पण जोडणी चुकली तर तो खोटे सांगतो.

मॉनिटरचा मोजणारा भाग म्हणजे शंट. नेहमीच्या शंटमधून 500 अँपिअर वाहिले की त्यावर 50 मिलिव्होल्ट पडतात. 50 अँपिअर वाहिले तर 5. वर्गात शिकलेला ओहमचा नियम तो हाच. शंटची एक बाजू बॅटरीच्या मायनस टोकाला जोडावी. चार्जर, दिवे, पंखा या सर्वांच्या मायनस वायर दुसऱ्या बाजूला याव्यात. पंख्याची वायर थेट बॅटरीला लावली, तर त्याचा खर्च मोजलाच जात नाही. मॉनिटर बॅटरी भरलेली दाखवतो आणि मध्यरात्री अंधार होतो.

प्लसच्या वायरवर फ्यूज हवा, तोही बॅटरीच्या अगदी जवळ आणि वायरला झेपेल एवढाच. फ्यूजच्या अलीकडे शॉर्ट झाला, तर आगीला अडवणारे काहीच नसते.

शेवटी एकेक उपकरण चालू करून पाहा. मॉनिटरवरचा आकडा हलला नाही, तर ती वायर शंटला चुकवून गेली आहे.