क्ष-किरण शारीर

क्ष-किरण शारीर : क्ष-किरणांच्या साहाय्याने मिळणाऱ्या प्रतिमांत मानवी शरीराची रचना जशी दिसते, तिच्या अभ्यासाला क्ष-किरण शारीर म्हणतात. शवविच्छेदनावर आधारलेल्या शारीरात अवयव उघडून, हाताळून व एकमेकांपासून सुटे करून पाहता येतात. क्ष-किरण शारीरात मात्र तोच अवयव जिवंत, कार्यरत आणि पुढील-मागील अवयवांच्या छायांनी झाकलेल्या स्थितीत ओळखावा लागतो. त्यामुळे या अभ्यासात शारीर, ऊतकविज्ञान (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकासमूहांचा अभ्यास) आणि शरीरक्रियाविज्ञान ही तिन्ही शास्त्रे एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. निदान करणे हे क्ष-किरण तंत्रज्ञाचे काम नव्हे. परंतु ज्यावरून निदान करावयाचे ते चित्र त्याच्या हातून तयार होते, आणि चित्रात न आलेला भाग कितीही अनुभवी वैद्याला वाचता येत नाही.

इतिहास : व्हिल्हेल्म कोनराट राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लावला व २२ डिसेंबर रोजी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. २३ जानेवारी १८९६ रोजी वुर्ट्‌सबर्ग येथील व्याख्यानात त्यांनी ज्यांच्या हाताचे चित्र सर्वांसमक्ष घेतले, ते आल्बर्ट फोन कलिकर हे त्या काळचे नामवंत शारीरविज्ञ व ऊतकविज्ञ होते. नव्या किरणांचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक एका शारीरविज्ञाच्या हातावर व्हावे हा योगायोग असला, तरी तो अन्वर्थक आहे. त्याच महिन्यात व्हिएन्ना येथे हाशेक व लिंडेंथाल यांनी मृत व्यक्तीच्या हाताच्या रोहिण्यांत अपारदर्शक मिश्रण भरून रक्तवाहिन्यांचे चित्र मिळविले. क्रियाविज्ञानाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे काम अमेरिकेत झाले. हार्व्हर्ड येथील वैद्यकाचे विद्यार्थी वॉल्टर ब्रॅडफर्ड कॅनन यांनी १८९६ च्या अखेरीपासून प्राण्यांना बिस्मथाचे लवण मिसळलेले अन्न देऊन प्रतिदीप्त पडद्यावर अन्नमार्गाच्या हालचाली पाहिल्या आणि १८९८ मध्ये जठराच्या क्रमसंकोचाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. मांजर चिडले किंवा घाबरले की, जठराची हालचाल थांबते, हे त्यांना याच प्रयोगांत आढळले. भावनांचा शरीरक्रियांवर होणारा परिणाम हा त्यांच्या पुढील संशोधनाचा विषय येथूनच निघाला.

ऊतके व त्यांच्या छाया : ऊतकविज्ञानात ऊतकांचे अधिस्तर, संयोजी, स्नायू व तंत्रिका असे चार मुख्य प्रकार मानतात. नवशिक्याची पहिली अडचण अशी की, क्ष-किरणांना हे वर्गीकरण मान्य नाही. रक्त, मेद व अस्थी ही तिन्ही संयोजी ऊतके. परंतु चित्रात त्यांच्या छाया एकमेकांपासून सर्वस्वी भिन्न पडतात. उलट स्नायू, यकृत, रक्त व तंत्रिका यांत रचनेचे व कार्याचे एवढे अंतर असूनही त्यांची छाया जवळजवळ एकच असते. किरणांचे शोषण ऊतकाची घनता, जाडी व त्यातील मूलद्रव्यांचे अणुक्रमांक यांवर अवलंबून असते. मेदाची घनता दर घ. सेंमी. ला सुमारे ०·९ ग्रॅ., स्नायूची सुमारे १·०५ ग्रॅ. आणि संहत अस्थीची सुमारे १·९ ग्रॅ. असते, हवेने भरलेल्या फुप्फुसाची घनता स्नायूच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भरते. अस्थीतील कॅल्शियम व फॉस्फरस यांमुळे तिचा परिणामी अणुक्रमांक मऊ ऊतकांपेक्षा बराच अधिक असतो. प्रकाशविद्युत् परिणामाने होणारे शोषण अणुक्रमांकाच्या साधारणपणे घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे कमी ऊर्जेच्या किरणांत अस्थी ठळक उठून दिसते. ऊर्जा वाढविली की, या परिणामाचा वाटा घटतो व हा भेद फिका पडतो. छातीच्या चित्रासाठी ११० ते १२५ किलोव्होल्ट दाब वापरण्यामागे बरगड्यांच्या छाया विरळ होऊन त्यांमागील फुप्फुस दिसावे हा हेतू असतो.

अशा रीतीने साध्या चित्रात हवा, मेद, मऊ ऊतक, अस्थी व धातू अशा पाचच छटा ओळखता येतात. दोन भिन्न छटांची ऊतके जेथे भिडतात तेथेच सीमारेषा उमटते. वृक्काची (मूत्रपिंडाची) बाह्यरेषा दिसते ती वृक्कामुळे नव्हे, तर त्याभोवतीच्या मेदाच्या वेष्टनामुळे. अतिकृश रुग्णात ती हरवते. हृदयाची उजवी कड दिसते ती शेजारच्या उजव्या फुप्फुसाच्या मध्यखंडात हवा असल्यामुळे. फुप्फुसशोथात (न्यूमोनियात) तो खंड स्रावाने भरला की, दोन्ही छटा एक होऊन कड पुसली जाते, आणि ‘नसलेल्या’ रेषेवरून रोगाची जागा कळते.

अस्थिसंस्था : प्रौढ शरीरात बहुधा २०६ अस्थी असतात, बालकाच्या चित्रात मात्र अस्थींचे तुकडे याहून पुष्कळ अधिक दिसतात. लांब अस्थीचा दांडा व तिची टोके यांच्यामध्ये वाढीची उपास्थी (कूर्चा) असते. ती किरणांना पारदर्शक असल्यामुळे तेथे फट दिसते व अननुभवी माणसाला ती अस्थिभंगाची रेषा वाटते. उलट चूक अधिक घातक असते. कोपराच्या सांध्यात सहा अस्थिभवन केंद्रे ठराविक क्रमाने दिसू लागतात : भुजास्थीच्या खालच्या टोकाचा बाहेरील गोलाकार भाग सुमारे पहिल्या वर्षी, अरास्थीचे शीर्ष तिसऱ्या, भुजास्थीचा आतील उंचवटा पाचव्या, तिचा कप्पीसारखा भाग सातव्या, कोपराचे टोक नवव्या व बाहेरील उंचवटा अकराव्या वर्षाच्या सुमारास. ही वर्षे एकदोन वर्षांनी मागेपुढे होतात. क्रम मात्र सहसा बदलत नाही. म्हणून पडलेल्या मुलाच्या चित्रात कप्पीच्या भागाचे केंद्र दिसत असेल आणि आतील उंचवट्याचे केंद्र आपल्या जागी नसेल, तर ते तुटून सांध्यात अडकलेले असण्याचा संभव असतो, व सांध्यातील ते केंद्र कप्पीचेच समजले जाण्याचा धोकाही असतो. हा क्रम पाठ असलेल्या तंत्रज्ञाला चित्र नेमक्या बाजूने व निर्दोष घेण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

अस्थी ही जिवंत व रक्तपुरवठा असलेली ऊतके होत, याचा विसर पडल्यास काय होते याचे उदाहरण मनगटातील नौकास्थीत मिळते. तिला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या मुख्यत्वे बोटांकडील भागातून शिरतात. अस्थी कमरेशी मोडली की, प्रकोष्ठाकडील तुकड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो व तो तुकडा मृत होतो. पहिल्या दिवशी घेतलेल्या चित्रात हा भंग पुष्कळदा दिसतच नाही. अंगठा ताणला असता मनगटाच्या बाहेरील बाजूस पडणाऱ्या खळगीत दाबल्यावर वेदना होत असतील, तर करंगळीच्या दिशेने हात वळवून नौकास्थी लांबट दिसेल अशी खास चित्रे घेतात. तीही निर्दोष आली तरी हात बांधून १० ते १४ दिवसांनी पुन्हा चित्र घेण्याची पद्धत आहे. एवढ्या अवधीत भंगाच्या कडांवरील अस्थी शोषली जाऊन रेषा रुंद होते. अस्थिक्षय व अस्थिमज्जाशोथ यांबाबतही असाच विलंब लागतो : अस्थीतील खनिजाचा सुमारे ३० ते ४० टक्के भाग नाहीसा होईपर्यंत साध्या चित्रात घट निश्चितपणे जाणवत नाही.

स्थिती व पृष्ठखुणा : अवयव त्वचेखाली झाकलेले असल्यामुळे किरणशलाका कोठे रोखावयाची हे बाहेरून चाचपता येणाऱ्या खुणांवरून ठरवितात. मान वाकविली असता ठळक लागणारा सातवा ग्रैव कशेरुक, उरोस्थीचा कोन (चौथ्या व पाचव्या पृष्ठीय कशेरुकांमधील पातळी), नितंबास्थीचा वरचा कंगोरा (चौथ्या कटिकशेरुकाची पातळी) व जघनास्थीचा सांधा या त्यांतील नित्याच्या खुणा होत. प्रत्येक स्थितीमागे शारीरातील काही कारण असते. ऊर्वस्थीची मान पुढच्या बाजूस कललेली असते. ती पटाला समांतर यावी म्हणून पाऊल सुमारे १५ अंश आत वळवितात. परंतु पडलेल्या वृद्ध रुग्णाचा पाय आखूड होऊन बाहेर वळलेला असेल, तर ही मान मोडलेली असण्याचा दाट संभव असतो. अशा वेळी पाय वळविणे म्हणजे पुस्तकातील नियम पाळून रुग्णाला इजा करणे होय. मानेच्या दुखापतीतही रुग्णाला न हलविता आडव्या किरणांनी बाजूचे चित्र घेतात, आणि सातवा ग्रैव व पहिला पृष्ठीय कशेरुक यांचा सांधा दिसल्याखेरीज ते पूर्ण समजत नाहीत. खांद्यांच्या छायेत हा सांधा सहज झाकला जातो व तेथील इजा निसटल्यास मेरुरज्जूला कायमची बाधा होऊ शकते.

वक्ष : छातीचे चित्र रुग्णाला उभे करून, छाती पटाला टेकवून, पाठीकडून किरण सोडून व सुमारे १८० सेंमी. अंतरावरून घेतात. हृदय छातीच्या पुढील भागात असल्यामुळे या स्थितीत ते पटाजवळ येते व त्याची छाया फारशी फुगत नाही. पुढून किरण सोडल्यास निरोगी हृदयही मोठे दिसते. खांदे पुढे वळविल्याने अंसफलक फुप्फुसांवरून दूर होतात. पूर्ण श्वास आत घेऊन रोखला असता मध्यपटल खाली जाते व त्याच्या वर बरगड्यांचे नऊ ते दहा मागील भाग मोजता येतात. श्वास अपुरा असेल, तर फुप्फुसांचे तळ धूसर होऊन रोगाचा भास होतो. प्रौढांतील क्षयरोगाची विकृती बहुधा फुप्फुसाच्या शिखराजवळ आढळते, आणि नेमके तेच जत्रुकास्थी व पहिली बरगडी यांच्या छायेत येते. संशय असल्यास रुग्णाला मागे रेलवून चित्र घेतात, म्हणजे जत्रुकास्थी वर सरकून शिखर मोकळे होते.

उभ्या स्थितीचे आणखी एक कारण असे की, शरीरातील द्रव तळाशी उतरतो व वायू वर चढतो. परिफुप्फुस गुहेत द्रव साठला, तर उभ्याने पाठीकडून घेतलेल्या चित्रात बरगड्या व मध्यपटल यांमधील कोन बोथट होतो. मात्र त्यासाठी साधारणपणे २०० मिलि. द्रव लागतो. जठर अथवा आतडे फुटले असता बाहेर पडलेला वायू उजव्या मध्यपटलाखाली चंद्रकोरीसारखा दिसतो. त्यासाठी रुग्णाला काही मिनिटे बसते ठेवावे लागते. बसणे शक्य नसल्यास डाव्या कुशीवर निजवून यकृत व उदरभित्ती यांमध्ये तो शोधतात. झोपवून घाईने घेतलेल्या चित्रात ही कोर नसते, व शस्त्रक्रियेचे मोलाचे तास निघून जातात.

क्रियांचे चित्रण : मऊ उदरीय अवयवांची छटा सारखीच असल्यामुळे त्यांत भेद निर्माण करण्यासाठी बेरियम (अणुक्रमांक ५६) व आयोडीन (अणुक्रमांक ५३) यांची संयुगे वापरतात. येथे रचनेपेक्षा क्रियेचे ज्ञान अधिक उपयोगी पडते. ग्रॅहॅम व कोल यांनी १९२४ मध्ये पित्ताशयाचे चित्र मिळविले, ते यकृत विशिष्ट द्रव्य पित्तात टाकते व पित्ताशय पित्त संहत करते या दोन क्रियांच्या आधारे. आता ही तपासणी श्राव्यातीत ध्वनीच्या पद्धतीने मागे टाकली आहे. नीलेत दिलेले आयोडीनयुक्त द्रव्य वृक्काच्या केशिकागुच्छांतून गाळले जाते. म्हणून ते देण्यापूर्वी रक्तातील क्रिएटिनिनाचे प्रमाण पाहतात. अन्नमार्गास छिद्र पडल्याचा संशय असेल, तर बेरियम न देता पाण्यात विरघळणारे आयोडीनयुक्त द्रव्य देतात, कारण पर्युदरात गेलेले बेरियम तीव्र शोथ निर्माण करते.

प्रारणाचा ऊतकांवरील परिणाम : वेगाने विभागणाऱ्या व कमी विशेषित कोशिका प्रारणाला अधिक संवेदनशील असतात, असा निष्कर्ष बेर्गोन्ये व त्रिबोंदो यांनी १९०६ मध्ये मांडला. लसीका कोशिका हा त्याला ठळक अपवाद आहे. आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाने २००७ मध्ये दिलेल्या गुणकांत अस्थिमज्जा, मोठे आतडे, फुप्फुस, जठर व स्तन यांना प्रत्येकी ०·१२, जनन ग्रंथींना ०·०८ आणि त्वचेला ०·०१ असे महत्त्व दिले आहे. पाठीच्या बाकाची चित्रे वाढत्या मुलींत वारंवार घ्यावी लागतात. ती पाठीकडून किरण सोडून घेतल्यास स्तनांवरील मात्रा पुष्कळ घटते. जनन ग्रंथींवर शिशाचा पत्रा ठेवण्याची रीत अनेक दशके चालली. तथापि २०१९ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकीविज्ञांच्या संघटनेने ती नित्याची पद्धत म्हणून बंद करण्याची शिफारस केली. पत्रा सरकून आवश्यक भाग झाकतो, शरीराच्या आतील प्रकीर्णित किरण त्याने अडत नाहीत, व स्वयंचलित नियंत्रणाखाली तो किरणांची मात्रा वाढवू शकतो, अशी कारणे तिने दिली.

छेदचित्रे : गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या संगणकीय छेदचित्रण (सी. टी. स्कॅन) यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले आणि छायांच्या गर्दीचा प्रश्न मोठ्या प्रमाणात सुटला. या मापनात पाणी शून्य व हवा उणे १,००० धरतात. मेद सुमारे उणे १०० व स्नायू अधिक ५० च्या आसपास येतो, त्यामुळे साध्या चित्रात एकरूप दिसणारी ऊतके वेगळी ओळखता येतात. आडवा छेद रुग्णाच्या पायांकडून पाहिल्याप्रमाणे मांडतात, म्हणजे रुग्णाची उजवी बाजू पाहणाऱ्याच्या डावीकडे येते. साध्या चित्रातही उजव्या-डाव्या बाजूची शिशाची खूण चित्र घेतानाच पटावर ठेवतात. काही थोड्या व्यक्तींत सर्व आंतरिक अवयव आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे उलट बाजूस असतात. त्यांच्या चित्रात ही खूण नसेल, तर ‘उलटे पडलेले’ चित्र संगणकावर सरळ करून घेतले जाते, आणि उजवीकडे असलेले हृदय सर्वांना डावीकडे दिसते.