घाईचे पत्र थांबून वाचा



देणगीदारांची पत्रे, बँकेच्या सूचना, सरकारी नोटिसा, सारे आता ईमेलनेच कार्यालयात येते. त्याच वाटेने चोरही येतो. दुसऱ्याचे नाव लावून पासवर्ड, ओटीपी किंवा पैसे काढून घेणाऱ्या अशा ईमेलला ‘फिशिंग’ म्हणतात. गळ टाकून मासा धरावा, तसाच हा प्रकार.

गळाला बहुधा आदराचे नाव लावलेले असते. अमेरिकेत पाळकांच्या नावाने मंडळीतील लोकांकडे गिफ्ट कार्डे मागितली गेली. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये त्याविषयी इशारा दिला. अशा पत्रांचा सूर ठरलेला असतो: काम तातडीचे आहे, मी सभेत आहे, फोन करू नका. वडीलधाऱ्यांना उलट कसे विचारावे, असे कार्यकर्त्याला वाटते. चोराला नेमका हाच संकोच हवा असतो.

म्हणून कार्यालयात काम करणाऱ्या प्रत्येकाने एवढे पाळावे:

१. नावावर जाऊ नका, ईमेलचा पूर्ण पत्ता वाचा. नाव साहेबांचे आणि पत्ता भलताच, असे पुष्कळदा आढळते. कधी एखाद्याच अक्षराचा फरक असतो.

२. ‘खाते बंद होईल’ असे वाचून पत्रातील लिंक दाबू नका. बँकेची वेबसाइट स्वतः टाइप करून उघडा.

३. अनोळखी बिल किंवा फाइल उघडू नका. ओटीपी व पासवर्ड कोणालाही देऊ नका.

४. पैसे पाठवायचे असोत वा खाते क्रमांक बदलायचा असो, आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा. पत्रात दिलेला नंबर चोराचाच असू शकतो.

गमावण्यासारखे पैशापलीकडेही बरेच आहे. वसतिगृहातील मुलांचे आधार क्रमांक, जातीचे दाखले, फोटो, आईवडिलांची नावे कार्यालयाच्या संगणकात असतात. विश्वासाने पाड्यावरून मूल पाठवणाऱ्या आईबापांची ती ठेव आहे. एक पासवर्ड गेला की सारे उघडे पडते.

चुकून लिंक दाबली गेली, तर लपवू नका. लगेच वरिष्ठांना सांगा आणि पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर बँकेला कळवा व १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करा. जितके लवकर कळवाल, तितकी रक्कम थांबवता येण्याची आशा अधिक. वरिष्ठांनीही रागावू नये. बोलणी खाण्याच्या भीतीनेच माणूस गप्प बसतो.

देणगीदारांनाही एक विनंती. ‘संस्थेचे खाते बदलले’ असे पत्र आले तर आधी कार्यालयात फोन करा. परदेशी देणगीबाबत २०२० च्या कायदादुरुस्तीनुसार रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. दुसरे खाते सांगणाऱ्या पत्रावर पैसे पाठवू नका. तुमच्या फोनने आम्हाला मुळीच त्रास होणार नाही.