चंद्राचा सातबारा कोणाच्या नावे?

चांद्रयान-३ मोहिमेतील ‘विक्रम’ हे यान २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात अलगद उतरले. त्यानंतर महिनाभरातच संसदेच्या विशेष अधिवेशनात दोन्ही सभागृहांनी या यशावर चर्चा केली. शास्त्रज्ञांचे अभिनंदन झाले आणि श्रेय कोणत्या पंतप्रधानांच्या पदरात घालायचे, यावरून नेहरूंपासून मोदींपर्यंतचा इतिहासही उगाळून झाला. मात्र ज्या दगडमातीसाठी जगातील प्रमुख सत्ता पुन्हा चंद्राकडे धावू लागल्या आहेत, तिच्यावर हक्क कोणाचा आणि त्याबाबत भारताची भूमिका काय, हा खरा राजकीय प्रश्न आहे. त्याचे उत्तर देशाच्या कायद्यात अद्याप उमटलेले नाही.

या स्पर्धेचे मूळ चंद्राच्या भूगर्भशास्त्रात आहे. १९६९ ते १९७२ या काळात अपोलोच्या सहा मोहिमांनी सुमारे ३८२ किलो खडक आणि माती पृथ्वीवर आणली. त्या नमुन्यांवरून, जन्मानंतर चंद्र हा वितळलेल्या शिलारसाचा महासागर होता, असा सिद्धान्त मांडला गेला. रस थंड होताना जड खनिजे तळाशी गेली आणि हलके फेल्डस्पार वर तरंगून त्याचे कवच बनले. पृथ्वीवरून दिसणारे चंद्राचे उजळ डोंगराळ भाग म्हणजे तेच कवच. पण हे नमुने होते चंद्राच्या आपल्याकडील बाजूचे, तेही विषुववृत्ताच्या आसपासचे. शिवाय ते इतके कोरडे भासले की चंद्रावर पाणी नाही, हे जवळपास गृहीतच धरले गेले. कोरड्या चंद्रासाठी पुन्हा तिजोरी उघडण्याचे कारण राजकारण्यांना उरले नव्हते.

ते कारण पुरवले भारतीय यानाने. १५ ऑगस्ट २००३ रोजी अटलबिहारी वाजपेयी यांनी लाल किल्ल्यावरून घोषित केलेली चांद्रयान-१ मोहीम डॉ. मनमोहन सिंग यांच्या कारकिर्दीत, २२ ऑक्टोबर २००८ रोजी मार्गस्थ झाली. खर्च होता सुमारे ३८६ कोटी रुपये. यानावरील ११ उपकरणांपैकी सहा परदेशी होती. त्यांतील एका अमेरिकी उपकरणाने चंद्राच्या पृष्ठभागावर, विशेषतः ध्रुवांकडे, पाण्याच्या व हायड्रॉक्सिलच्या रेणूंच्या खुणा टिपल्या. सप्टेंबर २००९ मध्ये ते जाहीर झाले. याच उपकरणाच्या नोंदींवरून २०१८ साली ध्रुवांजवळच्या कायम अंधाऱ्या विवरांतील बर्फाचा पुरावाही मांडण्यात आला.

चंद्राचा अक्ष जेमतेम दीड अंशाने कललेला असल्याने ध्रुवांजवळील काही खोल विवरांत सूर्यकिरण कधीच पोहोचत नाहीत, तर काही कडांवर दीर्घकाळ ऊन असते. बर्फापासून पिण्याचे पाणी, श्वसनासाठी प्राणवायू आणि अग्निबाणाचे इंधन मिळू शकते, उन्हापासून वीज. या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी असलेल्या जागा मात्र मोजक्या आहेत. चंद्र विशाल असला, तरी मोक्याची जमीन थोडी आहे. वादाचे बीज नेमके येथे आहे.

भारताने या प्रदेशाबाबत मोलाची भर घातली आहे. ‘प्रज्ञान’ने सुमारे १०३ मीटर फिरून २३ ठिकाणी मातीचे रासायनिक पृथक्करण केले. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या नेतृत्वाखालील शास्त्रज्ञांनी ऑगस्ट २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये ते निष्कर्ष मांडले. ही माती मुख्यत्वे लोहयुक्त अॅनॉर्थोसाइटची निघाली. अपोलोच्या नमुन्यांवरून मांडलेल्या शिलारसाच्या महासागराच्या सिद्धान्ताला त्यामुळे दक्षिणेकडील उच्च अक्षांशांवरूनही बळ मिळाले. जून २०२४ मध्ये चीनच्या चांग-ई ६ यानाने तर चंद्राच्या पलीकडच्या बाजूचे १,९३५ ग्रॅम नमुने आणले. असे करणारा तो पहिलाच देश.

विज्ञान एवढे पुढे गेले असताना कायदा मागे रेंगाळतो आहे. कोणत्याही राष्ट्राला चंद्रावर सार्वभौमत्व सांगता येणार नाही, असे १९६७ चा अंतराळ करार सांगतो. पण तेथून उकरून काढलेल्या खनिजाचे काय, यावर तो मौन बाळगतो. १९७९ च्या चंद्र कराराने चंद्राची साधनसंपत्ती हा साऱ्या मानवजातीचा समाईक वारसा ठरवला. भारताने १९८२ साली त्यावर स्वाक्षरी केली, पण अनुसमर्थन दिले नाही. अमेरिका, रशिया व चीन तर त्यापासून दूरच राहिले. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेने आपल्या नागरिकांना अंतराळातील खनिजांवर मालकी देणारा कायदा केला. साधनसंपत्ती काढणे म्हणजे भूमी बळकावणे नव्हे, असे मानणाऱ्या अमेरिकाप्रणीत आर्टेमिस करारावर भारताने २१ जून २०२३ रोजी वॉशिंग्टनमध्ये स्वाक्षरी केली. चीन आणि रशिया यांनी २०२१ पासून स्वतंत्र चंद्रतळाची आखणी चालवली आहे.

थोडक्यात, भारताच्या दोन स्वाक्षऱ्या दोन भिन्न दिशांना तोंड करून उभ्या आहेत. सौदी अरेबियाने आर्टेमिसमध्ये सामील झाल्यानंतर चंद्र करारातून माघार घेतली. ती जानेवारी २०२४ मध्ये अमलात आली. भारताला अशी घाई करण्याचे कारण नाही. समाईक वारशाच्या तत्त्वाला विकसनशील देशांच्या राजकारणात आजही वजन आहे आणि अमेरिकी सहकार्याचे लाभही उघड आहेत. पण दोन्ही दगडांवर पाय ठेवायचेच असतील, तर ते धोरण म्हणून उघडपणे सांगितले पाहिजे.

आपल्या घटनेनुसार करार करण्याचा अधिकार कार्यपालिकेकडे आहे; त्यांच्या अंमलबजावणीसाठी कायदा करण्याचा अधिकार अनुच्छेद २५३ संसदेला देतो. अंतराळविषयक विधेयकाचा मसुदा २०१७ साली हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध झाला. २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने अंतराळ धोरण मंजूर केले आणि त्यात खासगी उद्योगांना मोठे दार उघडले. परंतु धोरण म्हणजे कायदा नव्हे. उद्या एखाद्या भारतीय कंपनीने चंद्रावर खोदकाम केले, तर परवाना, नुकसानभरपाई आणि मालकी यांचा निवाडा धोरणाच्या परिच्छेदांवर होऊ शकणार नाही.

चंद्रावरून नमुने आणणाऱ्या चांद्रयान-४ साठी मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये २,१०४ कोटी रुपये मंजूर केले आहेत. ती माती भारतात पोहोचेल तेव्हा सभागृहांत बाके पुन्हा वाजतील. तिच्या हक्काची चर्चा त्याआधी स्थायी समितीत आणि सभागृहात व्हायला हवी; कारण नियम ठरवणाऱ्यांच्या बैठकीला भारत स्वतःचा कायदा हाती घेऊन गेला नाही, तर त्याला इतरांनी लिहिलेल्या नियमांवर सही करावी लागेल.