गौण स्त्रीपात्राचा विस्तार : 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधील आर्वेन

प्रस्तावना : कादंबरीचे चित्रपटात माध्यमांतर होताना पात्रांचे परस्परांतील प्रमाण बदलते. गौण स्त्रीपात्राला अधिक स्थान देताना ते कोठून मिळवायचे, हा पटकथेपुढील खरा प्रश्न असतो. जे. आर. आर. टोल्कीन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या अद्भुतरम्य कादंबरीतील आर्वेन आणि पीटर जॅक्सन यांच्या चित्रपटत्रयीतील (२००१-०३) आर्वेन यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक ठरते.

मूळ संहितेतील स्थान : कादंबरीत आर्वेन मोजक्याच प्रसंगी दिसते. एलरॉन्डच्या घरच्या मेजवानीत तिचे वर्णन येते. परंतु तेथे तिच्या तोंडी संवाद नाही. पुढे ती अॅरागॉर्नसाठी ध्वज पाठविते आणि अखेरीस त्याची राणी होते. मर्त्य मानवाशी विवाह करण्यासाठी तिने केलेला अमरत्वाचा त्याग मात्र प्रामुख्याने परिशिष्टात सविस्तर कथन केलेला आहे. कथानकाचा दृष्टिकोन मुख्यतः हॉबिटांचा असल्याने ही प्रेमकथा मुख्य प्रवाहाबाहेर राहते.

विस्ताराच्या दोन दिशा : पटकथाकार फ्रॅन वॉल्श, फिलिपा बॉयन्स व जॅक्सन यांनी हा विस्तार दोन प्रकारे साधला. पहिला प्रकार म्हणजे इतरांच्या कृती आर्वेनकडे सोपविणे. कादंबरीत जखमी फ्रोडोला ग्लॉरफिंडेल आपला घोडा देतो. नदीच्या उतारापलीकडे पोहोचलेला फ्रोडो एकटाच काळ्या स्वारांना आव्हान देतो आणि पूर येतो तो एलरॉन्डच्या सामर्थ्याने. चित्रपटात हे सारे आर्वेन करते. त्यामुळे तिचा प्रवेश प्रभावी होतो. परंतु फ्रोडोच्या एकाकी धैर्याचा क्षण लोप पावतो. हेल्म्स डीपच्या युद्धात तिला लढताना दाखविणारी दृश्येही चित्रित झाली होती. ती पुढे वगळण्यात आली.

दुसरा प्रकार परिशिष्टातील आशय मुख्य कथेत आणण्याचा आहे. अॅरागॉर्नच्या मृत्यूनंतरचे आर्वेनचे एकाकीपण एलरॉन्डच्या भविष्यकथनातून दिसते. तरीही पुत्राचे दर्शन घडताच ती समुद्राकडील वाटेवरून माघारी फिरते आणि भंगलेली तलवार पुन्हा घडविण्याचा आग्रह धरते. येथे दुसऱ्या पात्राचे कर्तृत्व हिरावले जात नाही. तिचा स्वतःचा निर्णय कथेला गती देतो. मात्र तिचे प्राण अंगठीच्या भवितव्याशी जोडल्याने तिसऱ्या चित्रपटात तीच पुन्हा निष्क्रिय, क्षीण होत जाणारी नायिका बनते.

निष्कर्ष : स्त्रीपात्राच्या हाती तलवार दिल्याने ते आपोआप सबल होत नाही. त्याच कादंबरीतील एओविनला शस्त्र शोभते, कारण तिचा संघर्षच रणांगणापासून दूर ठेवले जाण्याविरुद्ध आहे. आर्वेनचा संघर्ष निवडीचा आहे. म्हणून गौण स्त्रीपात्राचा विस्तार करताना दृश्यांच्या संख्येपेक्षा, त्या पात्राचा मूळ प्रश्न कथेच्या केंद्राजवळ आला की नाही, हा निकष अधिक महत्त्वाचा मानावा लागतो.